माशांच्या वाट्याचं दूध

रिठदच्या उकंडरावांनी घरात समुद्र आणला, त्या वर्षी गावची मोठी विहीर माघातच खरवडायला आली होती. पण समुद्राला त्याचं काय! तो आपला बैठकीत, शिसवी टेबलावर, काचेच्या पेटीत ऐटीत येऊन बसला.

त्याचं असं झालं. उकंडराव मुंबईला गेले होते. कशाला, ते त्यांनी धड सांगितलं नाही. 'वरचं काम' म्हणाले, आणि ते झालं का हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. तिथे त्यांनी मोठाल्या काचांमागे फिरणारे समुद्रातले मासे पाहिले आणि परतताना अकोल्याच्या एका दुकानात जाऊन हुकूम सोडला, "समुद्रातले मासे पायजेत." दुकानदारानं बघितलं, गिऱ्हाइकाचा आवाज सभेचा आहे, धोतर परीटघडीचं आहे आणि समुद्राशी ओळख चार दिवसांची आहे. त्यानं गोड्या पाण्यातले काळेभोर मासे पुढे केले आणि म्हणाला, "हे घ्या, खास समुद्रातले. रोज चिमूटभर मीठ टाकत जा."

पेटी रेल्वेनं जऊळक्याला उतरली आणि तिथून बैलगाडीत, कडब्याच्या गादीवर, नव्या नवरीसारखी सांभाळत रिठदला आली. गाडी हाकणारा सालदार पुंजाजी नंतर सांगायचा, की मालकांनी सबंध वाटेत बैलांना एक चाबूक मारू दिला नाही. "माहं लगन झालं तवा माह्या बायकोले बी इतकं जपून नाही आनलं बाप्पा."

मासे हवे होते ते एका कारणासाठी. गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं नवा तलाव बांधला होता. त्यात मासे सोडायचे होते आणि त्यासाठी सोसायटी निघायची होती. भोयांचं म्हणणं होतं की जाळी आमची, हात आमचे, तर सोसायटीही आमची. उकंडरावांचं म्हणणं होतं की अध्यक्ष मी. घरात चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य, मासा जन्मात कधी तोंडात गेलेला नाही, आणि पाण्यात ते गुडघ्याच्या वर कधी उतरले नव्हते. पण अध्यक्षाला पाण्यात कुठे उतरावं लागतं? तालुक्याच्या मोठ्या साहेबांना नुसतं कळायला हवं होतं की रिठदमध्ये माशांचा जाणकार कोण आहे.

घोळ झाला तो माशांच्या पोटापाण्याचा. दुकानदार म्हणाला होता, यांना जिवंत खाणं लागतं. उन्हात रांजण ठेवायचा, त्यात डबक्यातलं पाणी आणि जरासं शेण टाकायचं, वरून थेंबथेंब दूध. पाणी हिरवं होतं, त्यात बारीक जीव धरतात, ते वाटीनं पेटीत सोडायचे.

"जिवंत?" उकंडरावांची बायको दुर्गाबाई चुलीपुढून उठलीच. "आपल्या घरात जीवहत्या?"

"अव, ते डोयाले दिसत बी नाही नीट."

"दिसत नाही म्हून पाप लागत नाही काय?"

"हिरवं पानी हाय ते. भाजी समज!"

दुर्गाबाईनं भाजी समजली. मग उकंडराव दुधाकडे वळले. थेंबथेंब हा शब्द त्यांच्या कानाला लागला होता. "थेंब? आमी काय भिकारी हावो? या घरातून आजवर कोनाले थेंबानं काही गेलं नाही. रोज पावशेर दूध टाकत जाय म्हनावं तिले."

'तिला' म्हणजे सुनेला, लिलाला. ती समोरच उभी होती, पण सासरे सुनेशी सरळ बोलत नसत. त्यांचं बोलणं दुर्गाबाईच्या अंगावरून वळसा घालून तिच्यापर्यंत यायचं. लिलानं पदर पुढे ओढला आणि मान हलवली. तिच्या कडेवर गंगू होती. गंगू त्या पावशेराच्या गडव्याकडे बघत होती.

गंगू सव्वा वर्षाची. लिलाला पुन्हा दिवस गेले होते. दुर्गाबाईनं सांगितलं, पोटुशी बाईचं दूध अंगावरच्या लेकराला लागत नाही, तोड. लिलानं तोडलं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. गंगू पदराशी यायची, एकदा तोंड लावायची, मग रडायचीसुद्धा नाही. नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहायची, की हे तूच केलंस का? त्या बघण्यानं लिलाच्या हातातलं काम गळून पडायचं.

तिनं एकदा धीर करून सासूला विचारलं होतं, "आत्याबाई, गंगूले वरचं दूध जरासं..."

"पोरीच्या जातीले दूध कायले? भाकरीचा कुस्करा कर कढनात. आमच्या पोरी त्याच्यावरच वाढल्या." मग सुनेच्या पोटाकडे बघून, "पोट्टा झाला तं पाहू."

म्हैस एकच दुभती होती. दुधाची वाटणी ठरलेली. बैठकीतल्या माणसांचा चहा, उकंडरावांच्या ताटातलं दही, उरलेलं विरजण-लोण्याला, आणि आता माशांचे बारीक जीव. गंगूला बाप असा कुणी वाली नव्हता असं नाही. जानराव, म्हणजे लिलाचा नवरा, वाशीमला नोकरीला होता. शनिवारी यायचा. लिलानं त्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, "बाबासंग कोन बोलनार?" आणि सोमवारी पहाटे गाडी धरून गेला.

लिलानं हुकमाप्रमाणे पावशेर दूध रांजणात ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. पाणी हिरवं व्हायचं सोडून पांढरं झालं, मग पिवळट, मग त्यावर साय धरावी तसा चिकट थर आला, आणि असा वास सुटला की शेजारची सोनीबाई कुंपणावरून म्हणाली, "काय व लिले, घरात काही मेलं काय?" ते पाणी वाटीनं पेटीत गेलं आणि सकाळी दोन मासे उताणे तरंगत होते. उकंडरावांनी पुंजाजीला झापलं, म्हशीला सरकी कमी घालतोस, दूध पातळ आहे.

लिला रांजण घासत बसली. गंगू तिच्या पाठीला टेकून उभी होती आणि आईचा अंबाडा उपटत होती. घासता घासता लिलाच्या मनात आलं, आपण शेरभर दुधाला विरजण लावतो, ते किती? बोटाच्या टोकावर येईल एवढं. एवढ्याशा जिवाला एवढं दूध ओतलं तर तो जगणार की बुडणार?

तिनं पुंजाजीकडून म्हशी बसतात त्या डबक्यातलं घागरभर पाणी आणवलं. रांजण उन्हात ठेवला, मूठभर शेण टाकलं. दुधाचा गडवा घेऊन ती रांजणाशी गेली, इकडे तिकडे पाहिलं, दुधात बोट बुडवलं आणि पाण्यावर झटकलं. देवाला पाणी शिंपडावं तसं. उरलेला गडवा तिनं रांजणाच्या आडोशाला गंगूच्या तोंडाला लावला.

गंगूनं पहिल्यांदा ठसका खाल्ला. मग दोन्ही हातांनी गडवा धरला तो सोडेना. रिकामा झाला तरी आत तोंड घालून बसली, आणि तोंड बाहेर काढलं तेव्हा नाकाच्या शेंड्यावर दूध होतं. लिलानं पदरानं पुसलं. ओठावरची पांढरी रेघ तिला पुसावीशी वाटत नव्हती, पण तीही पुसली, कारण ती रेघ दुर्गाबाईला दिसली असती.

आठवडाभरात पाणी कोवळ्या हरभऱ्यासारखं हिरवं झालं. मग त्यात ठिपके दिसू लागले. मोहरीच्या फुटलेल्या दाण्याएवढे, उड्या मारणारे. वाटीत पाणी घेऊन उजेडात धरलं की सगळी वाटी नाचायची. लिला ते पाणी पेटीत सोडायची तेव्हा काळे मासे तिच्या हाताकडे धावून यायचे. गंगू काचेवर दोन्ही तळवे टेकवून ओरडायची, "बूऽऽ!" हे तिनं माशांचं नाव ठेवलं होतं.

होळीनंतर एका मासोळीला पिल्लं झाली. उकंडराव बैठकीत ताठ उभे राहिले, जसं काही हे काम त्यांनी स्वतः पार पाडलं होतं. "समुद्रातला मासा रिठदमंदी व्याला!" त्यांनी वाशीमहून पेढे मागवले आणि पारापर्यंत वाटले. पेढा घेताना सोनीबाई लिलाला हळूच म्हणाली, "गंगू झाली तवा तं गुयाचा खडा बी आला नव्हता व माय."

"गंगूले शेपूट नाही नं बाई," लिला म्हणाली.

दोघी पदरात तोंड घालून हसल्या.

पिल्लांसाठी आता जास्त हिरवं पाणी हवं, म्हणून उकंडरावांनी दूध वाढवून अर्धा शेर केलं. लिलानं बोट झटकणं तेवढंच ठेवलं. गंगूचे गाल वर आले, दंडाला वळ्या पडल्या. दुर्गाबाई एकदा तिला मांडीवर घेऊन बघत राहिली. "काय खाऊ घालतं व इले?"

"कढन-भाकर, आत्याबाई."

"कढनानं अशी?" दुर्गाबाईनं पोरीची दंडुली दाबून पाहिली आणि तिला हळूच खाली सोडली.

मग निरोप आला. तालुक्याचे मोठे साहेब अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तलाव बघायला येणार, आणि उकंडरावांकडे चहाला थांबणार. उकंडरावांनी काच लिंबानं घासून घेतली. सोसायटी खिशात आल्यासारखे ते गावात फिरू लागले.

साहेब यायच्या दोन दिवस आधी चैत्रातली अवस होती, आणि अवसेला सूर्यग्रहण.

ग्रहण सुटलं की घरातलं साठवणीचं सगळं पाणी फेकायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. दूध, लोणचं, पीठ यांवर आधीच तुळशीचं पान ठेवलं तर ते वाचतं. लिला सकाळपासून दुर्गाबाईच्या मागे होती.

"आत्याबाई, रांजनात बी एक पान टाकू द्या नं."

"त्या शेनाच्या पान्यात तुयस? तुले इटाळ कयते का नाही?"

"पेटीत तं टाकली."

"पेटी समुद्र हाय. हे डबकं हाय."

"सायेब येनार हायेत परवा, म्हून म्हनलं."

"म्हूनच ताजं भरू. तू गप बस आतमंदी. पोटुशी बाईनं गिरान सुटेस्तोवर पाय बाहेर टाकाचा नाही, हाताले काही लावाचं नाही. पोट्ट्याचा ओठ फाटला मंग?"

दुपार कलताना ग्रहण लागलं. लिला माजघरात पाटावर, दार लोटून. सुईला हात लावायचा नाही, विळीला नाही, पाण्याला नाही. गंगू जवळ येऊन तिच्या बांगड्या मोजल्यासारखं करत होती. उन्हाचा पिवळा रंग दाराच्या फटीत जरा मळकट झाला आणि पुन्हा उजळला. मग बाहेर हालचाल सुरू झाली. घागरी आदळल्या, हंडा उपडा झाला. आणि मग एक मोठा, दबका आवाज, भरलेला रांजण कलंडावा तसा. हिरवं पाणी न्हाणीच्या दगडावरून धावत गेलं ते लिलाला आत बसून ऐकू आलं. सगळे नाचणारे ठिपके. ठिपके गेले की मासे जाणार, आणि माशांच्या पाठोपाठ गंगूचा गडवा.

तिला बाहेर येऊ दिलं, अंघोळ झाली, तोवर दुर्गाबाईनं रांजण राखेनं लख्ख केला होता आणि विहिरीच्या ताज्या पाण्यानं भरला होता. संध्याकाळची धार निघाली. लिलानं गडव्याला हात घातला.

"राहू दे," दुर्गाबाई म्हणाली. "आज माह्या हातानं. सोवळ्यानं." आणि तिनं अर्धा शेर दूध भळभळा रांजणात ओतलं. मग साहेब येणार म्हणून आणखी थोडं. गंगू हात पुढे करून धावत आली. दुर्गाबाईनं रिकामा गडवा घासायला टाकला. गंगूनं गडव्याकडे पाहिलं, मग आईकडे. पुन्हा तेच बघणं.

सकाळी दुर्गाबाईनं स्वतःच दोन लोटे ते पांढरं पाणी पेटीत ओतलं. चहा व्हायच्या आत बैठकीतून आरोळी आली. सगळे धावले. समुद्र ताकासारखा गढूळ झाला होता. पिल्लं वर तरंगत होती, बरीचशी हलत नव्हती. मोठे मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळत होते.

"उद्या सायेब येऊन राह्यले!" उकंडरावांचा आवाज पहिल्यांदाच सभेचा नव्हता. "कोनं केलं हे?"

"म्या तं रोजच्यासारखंच टाकलं," दुर्गाबाई म्हणाली. "इचारा सुनेले."

आणि उकंडरावांनी विचारलं. सरळ. लग्नाला तीन वर्षं झाली त्यात पहिल्यांदा. "लिला, तू काय करत होती ते सांग. खरं सांग."

लिलानं पेटीकडे पाहिलं. गप्प राहिली तर मासे मरतील. मासे मेले की दूध बैठकीच्या चहात जाईल. सांगितलं तर चोरी कबूल, आणि दूध तरीही जाईल. कडेवर गंगू तिच्या मानेत तोंड खुपसून होती, श्वास गरम लागत होता.

"मामाजी," ती म्हणाली, "मी दूध तसं टाकत नव्हती."

"मंग कसं?"

"आधी गंगूले पाजत होती. तिचं तोंड लागलं का बोटभर उरे, ते रांजनात."

दारात पुंजाजी खराटा धरून उभा होता, तो खराटा त्यानं हळूच भिंतीला टेकवला.

"उष्टं?" उकंडराव म्हणाले.

"हाव."

"रोज?"

"हाव. उष्टं टाकलं तं पिल्लं झाली. काल आत्याबाईनं सोवळ्यानं टाकलं." तिनं मान खाली घातली. "मले काय समजते मामाजी. जे झालं ते सांगतलं."

सगळं खरं होतं. फक्त आधीचं मागे झालं होतं: बोट आधी झटकलं जायचं, गंगू मग प्यायची.

उकंडरावांनी पेटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. आपल्या घरात पोरीनं महिनोन्महिने दूध प्यायलं, हे एकतर त्यांना मान्य करावं लागणार होतं, किंवा आपण रोज ओतायला सांगितलेल्या दुधानं मासे मेले, हे. दोन्ही त्यांच्यासारख्या माणसाला परवडणारं नव्हतं. तेवढ्यात त्यांना तिसरी वाट दिसली, आणि ते त्या वाटेनं पळतच सुटले.

"उष्ट्याचा गुन हाय!" ते ओरडले. "पोरीच्या उष्ट्याचा! म्या म्हनलंच होतं, नुसत्या दुधानं काय होते?" मग बायकोवर उलटले, "अन् तू सोवळ्याची! जाय, दूध आन. पाज तिले आधी!"

त्या दिवशी गंगू भर बैठकीत, आजोबांच्या गादीवर बसून दूध प्यायली, आणि आजोबा तिच्या तोंडाकडे असे बघत होते जसं काही तिथून सोसायटी बाहेर पडणार होती.

पुढचं काम लिलानं केलं. पेटीतलं निम्मं पाणी काढून उन्हातलं कोमट पाणी घातलं. न्हाणीमागच्या केळीच्या आळ्यात ग्रहणाचं फेकलेलं पाणी साचलं होतं. तिनं वाकून पाहिलं. चिखलाच्या कडेला हिरवट थरात दोन-चार ठिपके उड्या मारत होते. तिनं ते ओंजळीनं लोट्यात घेतले, एकही न सांडता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मोठे मासे जगले होते, पिल्लंही थोडी उरली होती. साहेब त्या वर्षी गावोगाव नसबंदीच्या केसेस गोळा करून वैतागलेले होते. त्यांनी पिल्लांच्या घोळक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उकंडराव, इथे कुटुंब नियोजनाचा प्रचार झालेला दिसत नाही." सगळे हसले. मग त्यांनी पाहिलं, की त्यांचा चहा यायच्या आधी एका चिमुरडीला चांदीच्या पेल्यात दूध दिलं जातंय आणि घरमालक हात जोडून ते संपायची वाट बघतोय.

"हे काय?"

"शास्त्र हाय साहेब," उकंडराव म्हणाले. "पोरीचं उष्टं लागते माशाईले. त्याच्याबिगर समुद्रातला मासा इकडं जगत नाही."

साहेबांनी माशांकडे जरा निरखून पाहिलं. ते कोकणातले होते. काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात चहा आला. जाताना सोसायटीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "विचार करू." या दोन शब्दांवर उकंडराव जन्मभर मासे पाळू शकले असते.

लिलाला ते ऐकून फार बरं वाटलं.

संध्याकाळी धार निघाली. गडवा दुर्गाबाईनं स्वतः आणला. रांजणाशी लिला आणि गंगू बसल्या होत्या. दुर्गाबाई खाली बसली, तिनं गंगूला मांडीत ओढलं आणि गडवा तिच्या तोंडाला लावला.

"केवापासून?" तिनं लिलाकडे न बघता विचारलं.

"काय, आत्याबाई?"

"बावयी बनू नोको. त्याईले समजत नाही, मले समजते."

गंगू घटघट पीत होती.

"माह्या तीन पोरी झाल्या या घरात," दुर्गाबाई म्हणाली. "कढनावर. दोन वाचल्या." तिनं गडवा थोडा तिरपा केला, म्हणजे तळाचंही येईल. "तवा पेटी नव्हती."

केळीवर वारा आला. बैठकीत उकंडराव कुणाला तरी माशांचं शास्त्र समजावून सांगत होते, ते इथपर्यंत ऐकू येत होतं. लिलानं पोटावर हात ठेवला.

"आत्याबाई, हे बी पोरगीच झाली तं?"

दुर्गाबाईनं तिच्या पोटाकडे पाहिलं, मग बैठकीच्या दिशेनं.

"मंग सांगू त्याईले," ती म्हणाली, "आनखी एक समुद्र आना म्हनून."

गंगूनं गडव्यातून तोंड काढलं. ओठावर पांढरी रेघ होती. ती कुणीच पुसली नाही. दुर्गाबाईनं गडव्याच्या तळाला बोट फिरवलं, रांजणावर झटकलं, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत तेच बोट आपल्या जिभेला लावलं.